फडकं उतरेपर्यंत

रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत. गाडीवरचा भोंगा एखाद्या वेळी बंद पडायचा, हा माणूस मात्र कधी बंद पडत नसे. पेशंटला स्ट्रेचरवर घेताना तो बोलायचा, गाडी चालवताना बोलायचा, आणि गाडीत कुणीच नसेल तर गाडीशी बोलायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आपण कानात कापूस घालायला लागलो, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची, आणि सांगताना हसायची. कारण त्याच्या बडबडीच्या आधाराने कितीतरी घाबरलेली माणसं दवाखान्यापर्यंत धीराने पोचली होती, हे तिलाही माहीत होतं. भोंग्याचं म्हणणं असं, की गप्प बसलेला माणूस वाईटसाईट विचार करतो. त्याला बोलण्यात गुंतवला की निम्मं दुखणं रस्त्यातच उतरतं.

अशा माणसाला तोंडाला कुलूप घालावं लागे अशी एकच जागा होती. ती म्हणजे वहिनींचं गॅरेज.

गॅरेज खरं तर मिस्त्रींनी सुरू केलेलं. वहिनी त्यांची बायको. सुरुवातीला त्या नुसत्या पाने काढून द्यायच्या, मग दिलेला पाना बरोबर का चूक हे सांगायला लागल्या, मग स्वतःच गाडीखाली शिरायला लागल्या. पुढे मिस्त्रींची कंबर कायमची धरली तेव्हा नवराबायकोंनी कामाची वाटणीच करून टाकली: वाकायचं ते वहिनींनी करायचं, उभ्याने होईल ते मिस्त्रींनी. गिऱ्हाइकांची काही तक्रार नव्हती. वहिनींच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, असं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मिस्त्रींनाही त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

त्या गॅरेजात एक रीत होती. पेट्रोल जिथून वाहतं त्या भागाचं काम निघालं, की त्या गाडीच्या स्टेअरिंगला पिवळं फडकं बांधायचं. फडकं वर असेपर्यंत काम करणाऱ्याशी कुणी एक अक्षर बोलायचं नाही. चहा आलाय असं नाही, पाऊस आलाय असं नाही, पाहुणे आलेत असंही नाही. चुकून कुणी बोललंच आणि हात विचलित झाला, तर केलेलं सगळं उकलून पहिल्यापासून सुरू करायचं. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने ऐन कामाच्या मध्यात, सीटला कुठल्या रंगाचं कव्हर चांगलं दिसेल, असं मिस्त्रींना विचारलं होतं. मिस्त्रींनी राखाडी असं सांगितलं, आणि एक बोल्ट नुसता बोटाने लावलेला तसाच राहिला. गाडी चालू करताच पेट्रोलचा फवारा उडाला. आग लगेच विझली, गाडी वाचली, मिस्त्रीही वाचले. फक्त त्यांची डावी भुवई अर्धी गेली ती पुन्हा काही उगवली नाही. ही रीत पाळायची कशासाठी, असं कुणी विचारलं की मिस्त्री त्या भुवईवर बोट ठेवत.

भोंग्याला ही रीत म्हणजे शिक्षा वाटे. पण त्या सकाळी गाडी आणण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. आदल्या दिवसापासून पुढच्या सीटवर पेट्रोलचा वास येत होता. दवाखान्याची गाडी म्हणजे छोटी व्हॅन, तिचं इंजिन पुढच्या सीटच्या पोटाखाली. म्हणजे पेट्रोल कुठे झिरपत असेल तर ते थेट ड्रायव्हरच्या बुडाखाली, आणि त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर ऑक्सिजनचं नळकांडं. भोंगा गाडीवर कितीही विनोद करत असला तरी या बाबतीत त्याला विनोद सुचला नाही.

वहिनींनी सीट उचलून बाजूला ठेवली, आत टॉर्च मारला आणि नाकानेच निदान केलं. इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरांच्या डोक्यावर पेट्रोलची एक आडवी नळी बसते, तिला गॅरेजात रेल म्हणतात. महिन्याभरापूर्वी वाटेतल्या कुठल्याशा दुकानात भोंग्याने इंजेक्टर बदलून घेतला होता. तिथल्या माणसाने रेलचे बोल्ट अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून पिळले होते, तेही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. रेल वाकडी बसली होती आणि टोकाची रबरी रिंग चेपून फाटली होती.

"कुणी केलंय हे?" वहिनींनी विचारलं.

"चांगला दणकट माणूस होता हो," भोंगा म्हणाला.

"दिसतंय," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पिवळं फडकं स्टेअरिंगला बांधलं.

मग भोंगा स्टुलावर बसून नुसता बघत राहिला. बोलायची सोय नव्हती म्हणून असेल, पण त्या दिवशी त्याने वहिनींचं काम जितकं नीट पाहिलं तितकं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. बॅटरीची तार सोडली. वाळूची बादली पायाशी ओढली. सगळं सुटं करून पुसलं, बोल्टांचे आटे आणि भोकं कोरडी ठणठणीत केली. नव्या रबरी रिंगेला मात्र तेलाचा एक थेंब लावला. हा फरक त्यांनी भोंग्याला एकदा समजावून सांगितला होता. रिंग ओशट असली की न दुमडता सरळ बसते. आटे ओशट असले तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ओढला जातो आणि हातातल्या पान्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

रेल बसवताना त्यांनी हातोडी लांबच ठेवली. दोन्ही अंगठ्यांनी, बाळाची टाळू चाचपावी इतक्या हलक्या हाताने, ती दोन्हीकडून सारखी दाबत नेली. आत रिंगा बसल्याचा मऊ आवाज आला तेव्हा कुठे त्यांनी बोल्ट हाती घेतले. बोल्ट तीन. तिन्ही आधी बोटांनी, शेवटपर्यंत. जो बोटांनी जात नाही तो पान्याने ढकलायचा नाही, हाही त्यांचा एक नियम.

मग त्यांनी टॉर्कचा पाना काढला. त्याच्या दांड्यावर आकडा लावला की तेवढाच जोर पडल्यावर पाना टिक करतो आणि हाताला सांगतो की बास. हा पाना वहिनी वेगळ्या डब्यात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून ठेवायच्या. त्याने कधी बोल्ट सैल करायचा नाही, काम झालं की आकडा उतरवून ठेवायचा, आणि कुणी मागितला तरी द्यायचा नाही. मिस्त्री म्हणत की घरात सोनं उघड्यावर पडलेलं असतं, पण पाना कुलपात. वहिनींनी आधी मधला बोल्ट हलका आवळला, मग डावा, मग उजवा. तिन्हींचा एक हलका फेरा झाला. आता दुसरा, पुऱ्या जोराचा. पुन्हा मधला. दांडा त्यांनी टोकाला धरला होता आणि तो इतका सावकाश ओढत होत्या की बघणाऱ्याला वाटावं, त्या काही करतच नाहीत. टिक आवाज आला तिथेच त्यांचा हात थांबला. त्यानंतर केसभरही पुढे गेला नाही. एवढ्या ताकदीच्या बाईला इतकं थांबता येतं, याचं भोंग्याला फार कौतुक वाटलं. त्याला स्वतःला साधं वाक्यसुद्धा जिथे संपायला हवं तिथे थांबवता येत नसे.

तेवढ्यात मिस्त्रींच्या टेबलावरचा फोन वाजला.

मिस्त्री फोनवर फार काही बोलले नाहीत. हो म्हणाले, नर्स जवळ आहे का विचारलं, गाडी इथेच आहे म्हणाले, आणि रिसीव्हर अगदी हळू खाली ठेवला. मग कंबरेवर हात ठेवून ते भोंग्याकडे आले आणि कोपर धरून त्याला फाटकापाशी घेऊन गेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

फोन जावयाचा होता. मिस्त्रींची लेक टेकडीवर, दगडखाणीच्या वसाहतीत राहायची. दिवस भरायला अवकाश होता, पण सकाळीच कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्त जात होतं. वसाहतीतली नर्स शेजारी बसून होती. तिचं म्हणणं, साध्या गाडीत बसवून नेऊ नका, आडवं झोपवून, ऑक्सिजन लावूनच खाली न्या. दवाखान्याची दुसरी गाडी भल्या सकाळी एका अपघाताच्या पेशंटला घेऊन लांबच्या मोठ्या इस्पितळात गेली होती. राहिली होती ती ही एकच, सीट काढून ठेवलेली.

"मग वहिनींना सांगा ना," भोंगा जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाला.

मिस्त्रींनी नुसती मान हलवली आणि फडक्याकडे बोट दाखवलं.

"अहो, पण लेक आहे त्यांची."

"माझीही आहे," मिस्त्री म्हणाले. "दुसरा फेरा चालू आहे. दोन बोल्ट राहिलेत."

एवढं बोलून ते वळले आणि आपल्या कामाला लागले. फाटकाची दोन्ही दारं उघडून त्यांनी विटा लावून ठेवली. वाटेतला बाक ओढून बाजूला केला. व्हॅनच्या मागच्या भागातली चादर ताणून नीट केली. फळीवरून कसलीशी पुडी काढून वहिनींच्या शेजारच्या ताटलीत ठेवली. एकदाही त्यांनी वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं नाही. भोंग्याला त्या माणसाचा संताप आला. दगडाच्या काळजाचा आहे, असं त्याच्या मनात आलं. पोटची पोर तिकडे तळमळतेय आणि हा इकडे विटा रचतोय. भोंग्याने आजवर कितीतरी बापांना दवाखान्याच्या दारात रडताना पाहिलं होतं, पण फडक्याला घाबरून गप्प बसलेला बाप त्याने कधी पाहिला नव्हता.

वहिनींचा डावा बोल्ट टिक झाला. त्यांनी पाना उचलून उजव्या बोल्टावर बसवला आणि दांडा ओढायला सुरुवात केली. आता राहिला होता तो एकच बोल्ट, एका श्वासाचं काम. पण भोंग्याचा तेवढा श्वास पुरला नाही.

"वहिनी, तुमच्या लेकीला कळा सुरू झाल्यात," तो म्हणाला. "रक्त जातंय. गाडी आत्ताच्या आत्ता पाहिजे."

वहिनींचा हात हिसकला. पाना बोल्टावरून निसटून रेलवर आपटला आणि आवाज सगळ्या गॅरेजभर घुमला. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

 वहिनींनी नवऱ्याकडे पाहून, नर्स जवळ आहे का, एवढंच विचारलं. आहे, आणि जावईही आहेत, असं मिस्त्रींनी सांगितलं. वहिनींनी मान डोलावली. शेवटची टिक कुणी ऐकली का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. कुणीच ऐकली नव्हती. मग त्यांनी टॉर्कचा पाना फ्लॅनेलवर ठेवला, साधा पाना घेतला आणि बोल्ट सैल करायला लागल्या.

 भोंगा गाडीच्या दारापाशी येऊन गयावया करायला लागला. उकलू नका म्हणाला. एवढं छान बसलंय, आता काय बिघडणार आहे, म्हणाला. अगदीच शंका असेल तर तोच पाना पुन्हा एकदा तिन्ही बोल्टांवरून फिरवा, टिक झालं की झालं, म्हणाला.

"बोल्ट कमी बसला असेल तर पाना सांगतो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "जास्त बसला असेल तर तो काहीच सांगत नाही. आणि माझी लेक त्या नळकांड्याशेजारी झोपणार आहे."

त्यांचा आवाज कापत होता. पण हात कापत नव्हते. 

बोल्ट निघाले. उजवा बोल्ट वहिनींनी पुसला, ताटलीतल्या पुडीतून एक नवा बोल्ट घेतला आणि दोघांचे आटे एकमेकांत अडकवून खिडकीच्या उजेडासमोर धरले. दोन सारखे बोल्ट असे धरले की मधून काही दिसत नाही. इथे बारीकशी उजेडाची रेघ दिसली. जुना बोल्ट ताणला गेला होता. आत्ता त्याने निमूट रेल धरून ठेवली असती आणि टेकडीच्या रस्त्यावर, इंजिन तापून थरथरायला लागल्यावर, कुठल्याशा वळणावर मान टाकली असती. वहिनींनी तो बोल्ट भोंग्याच्या हातावर ठेवला. राग म्हणावा तर तसं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं. ठेवायला दुसरी जागा जवळ नव्हती, एवढंच.

आणि तेव्हा भोंग्याच्या लक्षात आलं, की ताटलीतल्या पुडीत नवे बोल्ट होते, नव्या रबरी रिंगाही होत्या. एकदा दाबलेली रिंग वहिनी पुन्हा वापरत नसत. म्हणजे उकलावं लागेल हे धरूनच मिस्त्रींनी ती पुडी तिथे आणून ठेवली होती. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं.

"तू इथे होतास ना," मिस्त्री म्हणाले. बोलण्यात टोमणा नव्हता. पाऊस येणार म्हणून छत्री बाहेर काढून ठेवावी तसं त्यांनी ते केलं होतं.

भोंगा स्टुलावर जाऊन बसला. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरावं असं त्याला झालं होतं. त्याला आता सगळं कळलं. हा माणूस दगड नव्हता. बायकोला आत्ता सांगितलं तर लेकीकडे गाडी उशिरा पोचेल, एवढा साधा हिशोब त्याने मनात केला होता आणि काळीज मुठीत धरून विटा रचत बसला होता. आणि आपण दया दाखवायला गेलो, ती लेकीच्याच मुळावर आली. गप्प बसण्याला इतकी ताकद लागते हे भोंग्याला आजवर माहीत नव्हतं. तो समजत होता की गप्प बसणाऱ्याला सांगण्यासारखं काही नसतं.

वहिनींनी पहिल्यापासून सुरू केलं. आटे पुसले, भोकं पुसली. नवा बोल्ट उजव्या भोकात बोटांनी फिरवून बघितला. तो न अडता तळापर्यंत गेला, म्हणजे आतले आटे शाबूत होते. रिंगेला तेलाचा थेंब. अंगठ्यांनी दाब. मऊ आवाज. तिन्ही बोल्ट बोटांनी. हलका फेरा. मधला, डावा, उजवा. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते दंडाला पुसत होत्या, पण दांडा ओढण्याची गती मघाचीच होती. घाईने ओढला तर पाना टिक म्हणेपर्यंत हात पुढे गेलेला असतो, हे त्यांना ठाऊक होतं आणि आता भोंग्यालाही ठाऊक झालं होतं. पुऱ्या जोराचा फेरा सुरू झाला तेव्हा त्याने श्वास रोखून धरला. टिक. मग टिक. मग, फार वेळाने वाटावं इतक्या वेळाने, तिसरी टिक. इतका गोड आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

त्यानंतर वहिनींनी कपाटातून नेलपॉलिशची जुनी बाटली काढली आणि प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या धातूवर एक गुलाबी रेघ ओढली. बोल्ट पुढेमागे हलला तर रेघ तुटलेली दिसते. पहिली बाटली लेकीची होती. शाळेत असताना तिने आईला दिली होती, आता तू लाव म्हणून. आईने ती नखांना कधीच लावली नाही, पण संपत आली तेव्हा अगदी तशाच रंगाची दुसरी आणवली होती. ही तिसरी की चौथी होती.

फ्यूज लागला, तार लागली. चावी अर्धी फिरवून पंपाने नळीत दाब भरला आणि वहिनींनी पांढऱ्या कागदाचा तुकडा प्रत्येक जोडाखालून फिरवला. कागद कोरडा. इंजिन चालू केलं, पुन्हा कागद. कोरडा. मग त्यांनी वाकून वास घेतला, बाजूला झाल्या आणि मिस्त्रींना वास घ्यायला लावला. वाकायचं काम त्यांचं नव्हतं, तरी मिस्त्री वाकले. उठताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. त्यांनी मान डोलावली, तशी वहिनींनी सीट बसवली आणि हातही न धुता मागे जाऊन बसल्या. एकाला इथे थांबणं भाग होतं, दवाखान्याचे फोन घ्यायला. मिस्त्री थांबले.

फडकं स्टेअरिंगलाच राहिलं होतं. भोंग्याने ते सोडायला हात नेला आणि परत घेतला.

टेकडी चढताना तो एक शब्द बोलला नाही. दर वळणावर त्याच्या सीटखाली इंजिन घुमत होतं आणि दर वळणावर त्याला त्या तीन गुलाबी रेघा दिसत होत्या. वास कसलाच नव्हता. वसाहतीत स्ट्रेचर उचललं, नर्स आणि जावई मागे बसले, ऑक्सिजन सुरू झाला, गाडी खाली निघाली. जावई मधल्या खिडकीतून डोकं घालून विचारायला लागला की अजून किती वेळ, दुसरा रस्ता नाही का, जरा जोरात नाही का जाता येणार. एरवी भोंग्याने त्याला बोलण्यात असा गुंडाळला असता की तो विचारायचंच विसरला असता. आज त्याने स्टेअरिंगवरच्या फडक्याला बोट लावून दाखवलं. जावई त्या घरचाच होता. तो लगेच गप्प झाला.

आणि मागे वहिनी बोलत होत्या. गॅरेजात दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारी ती बाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन अखंड बोलत होती. ती जन्मली तेव्हा बाबांनी घाईत उलटा सदरा घातला होता ते. शाळेतून आली की टायरच्या ढिगात बसून अभ्यास करायची ते. नेलपॉलिश पुन्हा संपत आलंय, बरी झालीस की नवं आण, ते. भोंग्याला वाटलं, आपल्याला बोलता येतं हा आपला नुसता गैरसमज होता. वहिनींचं प्रत्येक वाक्य कळ उतरेपर्यंत चालायचं आणि बरोबर तिथेच थांबायचं.

दवाखान्यात लेकीला आत घेतलं. बराच वेळ काही कळेना. मग दवाखान्यातली नर्स बाहेर आली आणि म्हणाली मुलगी झालीय, वजन जरा कमी आहे पण रडतेय जोरात, आई शुद्धीवर आहे, रक्त थांबलंय. अजून उशीर झाला असता तर, असं तिने म्हटलं आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.

त्यांनी गॅरेजला फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या डोळे पुसत किंचित हसल्या. कुणाची तरी पेट्रोलची लाइन उघडून बसले असतील, म्हणाल्या. आज मन थाऱ्यावर ठेवायला त्यांच्याजवळ दुसरं काय आहे. भाऊजी, तुम्हीच जाऊन सांगा.

इतकी मोठी बातमी भोंग्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. गॅरेजपर्यंतच्या रस्त्यात त्याने ती नाना तऱ्हांनी सांगून पाहिली. फाटकातूनच ओरडायचं, की आधी तोंड पाडून थट्टा करायची, की गाडीचा भोंगा वाजवत आत शिरायचं. फाटकाला लावलेल्या विटा अजून तशाच होत्या. तो गाडी बाहेर उभी करून आत धावला आणि जागच्या जागी थांबला.

मिस्त्री एका जुन्या मोटारीच्या बॉनेटमध्ये वाकले होते. एक हात कंबरेवर, दुसऱ्या हातात टॉर्कचा पाना. ओठ घट्ट मिटलेले. टेबलावर फोनचा रिसीव्हर जागेवर होता. मोटारीच्या स्टेअरिंगला काहीच बांधलेलं नव्हतं. बांधणार कुठून, फडकं रुग्णवाहिकेतच होतं. म्हणजे बोलायला कुणाचीच मनाई नव्हती.

भोंगा मागे फिरला. व्हॅनपाशी गेला, स्टेअरिंगची गाठ सोडली, आणि चपला हातात घेऊन पुन्हा आत आला. उघड्या खिडकीतून हात घालून त्याने मोटारीच्या स्टेअरिंगला पिवळं फडकं बांधलं. मग तो दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, तोंडात जगातली सगळ्यात चांगली बातमी घेऊन.

मिस्त्रींना वाकवत नव्हतं. ते थांबत, कंबर दाबत, पुन्हा वाकत. एक टिक झाली. भोंग्याच्या घशात नात आली आणि त्याने ती गिळली. दुसरी टिक. मिस्त्रींनी घाम पुसला. भोंग्याचे डोळे भरून आले आणि तो तसाच उभा राहिला. सकाळी या माणसाने काय सोसलं असेल, हे आता त्याच्या हाडापर्यंत पोचलं होतं. आणि आपल्याजवळ निदान चांगली बातमी आहे, असं त्याच्या मनात आलं. तिसरी टिक. मग गुलाबी रेघा, एकेक करून.

मिस्त्री कण्हत सरळ झाले. त्यांना आधी फडकं दिसलं. ते त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हळूहळू मान वळवली, आणि त्यांना चपला हातात धरून उभा असलेला भोंगा दिसला.

"कधीपासून उभा आहेस?"

"आत्ताच आलो," भोंगा म्हणाला. पुढे होऊन त्याने फडक्याची गाठ सोडली, घडी करून ते मिस्त्रींच्या हातात दिलं, आणि मग सांगितलं. "नात झाली. दोघी बऱ्या आहेत."

त्याचा आवाज इतका हळू निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मिस्त्रींनी ते फडकं तोंडावर धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"काय म्हणालास?" फडक्याआडूनच ते म्हणाले. "जरा मोठ्याने सांग की."